वगळलेल्या अर्ध्या पानाविषयी: इतिहास अभ्यासक्रम समितीला खुले पत्र

इतिहास अभ्यासक्रम समितीच्या अध्यक्षांस आणि सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी २३ वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. त्यातली बहुतेक वर्षे 'दोन महायुद्धांमधील हुकूमशाही' हा घटक माझ्याकडे होता. यंदाच्या सुधारित पुस्तकात त्या घटकातला 'तरुणांच्या संघटना' हा अर्ध्या पानाचा भाग आपण काढून टाकला आहे. आशयाचा भार कमी करायचा होता, असे कारण परिपत्रकात दिले आहे. त्या अर्ध्या पानाच्या जागी आता एकच वाक्य उरले आहे: 'लहान वयापासून मुलांच्या मनावर पक्षाचे विचार बिंबवण्यात आले.'

याबद्दल मी कार्यालयाला दोनदा लिहिले. दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता सर्वांसमोर लिहीत आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी हे वाचावेच, पण ज्यांच्यासाठी ही पुस्तके छापली जातात त्या मुलांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

हे पत्र लिहायला मी बसले ते एका उत्तरपत्रिकेमुळे. मागच्या परीक्षेत प्रश्न होता: हुकूमशाही राजवटींना तरुणांचा पाठिंबा का मिळाला? तीन गुण. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने लिहिले होते, 'त्या काळची मुले अज्ञानी होती, त्यांना चांगले-वाईट कळत नव्हते, म्हणून त्यांचे ब्रेनवॉशिंग करता आले. आज असे होणार नाही, कारण आजच्या मुलांकडे सगळी माहिती असते.' मी एक गुण दिला. मॉडरेशनमध्ये, म्हणजे फेरतपासणीत, त्याचे तीन झाले, कारण नमुना उत्तरात 'अज्ञान' आणि 'ब्रेनवॉशिंग' हे दोन्ही शब्द होते. ती मुलगी मला भेटायला आली. पूर्ण गुण मिळाल्याचा आनंद तिला नव्हता. तिने विचारले, "मॅडम, तुम्ही आधी एकच दिला होतात. मग माझे चुकले काय होते?"

तिला समजावण्यात माझी एक पूर्ण तासिका गेली, आणि तरी सांगायचे राहूनच गेले. जे राहिले ते इथे मांडते.

पहिली तक्रार त्या 'अज्ञान' शब्दाबद्दल आहे. १९३३ साली जर्मनी हा जगातल्या सर्वाधिक शिकलेल्या देशांपैकी एक होता. नाझी पक्षाच्या 'हिटलर युथ' या युवक संघटनेत गेलेली मुले शाळेत जाणारी, वाचणारी, गाणारी, प्रश्न विचारणारी मुले होती. त्या वर्षाच्या सुरुवातीला देशात सुमारे ६० लाख लोक बेकार होते. कित्येक घरांत बाप कामाविना बसलेला, आई चिंतेत, आणि मोठ्या माणसांच्या तोंडी हरल्याचीच भाषा. अशा घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला कुणी येऊन सांगते की तू महत्त्वाचा आहेस, देशाला तुझी गरज आहे, शनिवारी तंबू घेऊन जंगलात जायचे आहे. तो का जाणार नाही?

तिथे त्याला काय मिळत होते, ते आपल्या पुस्तकात कधीच सांगितलेले नाही. शेकोटी, ढोल, बिगूल, स्वतःचा गणवेश. मोठ्या मुलांसाठी मोटारसायकलींची शाखा होती, ग्लायडर उडवायला शिकवणारी शाखा होती, नौकानयनाची शाखा होती. कामगाराचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा एकाच रंगाचा शर्ट घालून शेजारी उभे राहत. दहा-पंधरा मुलांच्या तुकडीचा प्रमुख त्यांच्याहून थोडाच मोठा मुलगा असे, कारण 'तरुणांचे नेतृत्व तरुणांनीच करावे' ही त्या संघटनेची घोषणा होती. मुलींची संघटना वेगळी होती. तिथल्या अनेक मुलींसाठी आईच्या देखरेखीबाहेर, सहलीला, मैदानावर घालवलेला तो पहिलाच दिवस असायचा. १९३४ पासून दोन-अडीच वर्षे तर अशी सोय होती की धाकट्या गटातल्या सदस्य मुलांना शनिवारी शाळा माफ, त्यांनी संघटनेच्या कार्यक्रमाला जायचे. सदस्य नसलेल्यांनी मात्र वर्गात बसायचे. त्या रिकाम्या वर्गात उरलेल्या दोन-चार मुलांची मी नेहमी कल्पना करते. त्यांच्या मनावर कोणतेही भाषण बिंबवावे लागत नव्हते, खिडकीतून ऐकू येणारा ढोल पुरत होता.

'बिंबवले' या क्रियापदाने हे सगळे झाकले जाते. त्यातून मुलांना वाटते की कुणीतरी त्या पोरांना खुर्चीला बांधून व्याख्याने ऐकवली असतील. उलट, पुस्तके आणि व्याख्याने हा त्या संघटनेचा सर्वांत कंटाळवाणा भाग होता. मुले आली ती मैत्रीसाठी, साहसासाठी, घरी न मिळणाऱ्या मानासाठी. या गरजा खऱ्या होत्या आणि चांगल्या होत्या. राजवटीने त्या ओळखल्या, भागवल्या आणि त्याची किंमत नंतर वसूल केली. हा क्रम मुलांना सांगितलाच नाही, तर उद्या त्यांच्याच गरजा कुणी असाच भागवू लागला तर त्यांना ते ओळखू कसे यावे?

दुसरी तक्रार अशी की, हे घडवले कसे, याची कार्यपद्धती पुस्तकात कुठेच नाही. मुले आपोआप एका झेंड्याखाली गोळा झाली, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात आधी बाकीचे झेंडे उतरवले गेले. एप्रिल १९३३ मध्ये हिटलर युथच्या एका टोळीने जर्मन युवक संघटनांच्या मध्यवर्ती समितीच्या बर्लिनमधल्या कार्यालयाचा ताबा घेतला. त्यांना खुर्च्या-टेबले नको होती, तिथल्या फायली हव्या होत्या. लाखो तरुण कोणकोणत्या संघटनांत आहेत याची माहिती त्या फायलींत होती. दोन महिन्यांनी बाल्डुर फॉन शिराख हा २६ वर्षांचा माणूस सर्व जर्मन तरुणांचा प्रमुख नेमला गेला. वर्षअखेर प्रोटेस्टंट चर्चच्या तरुण शाखा हिटलर युथमध्ये विलीन करण्यात आल्या. स्काउटवर आणि भटकंती करणाऱ्या जुन्या मंडळांवर बंदी आली. कॅथलिक गट सर्वांत जास्त टिकले, पण १९३९ पर्यंत तेही संपवले गेले.

आकड्यांतून हे स्पष्ट दिसते. १९३२ संपताना हिटलर युथचे सदस्य साधारण एक लाख होते. वर्षभरात ते २० लाखांच्या वर गेले, आणि १९३६ च्या अखेरीस ५४ लाखांच्या आसपास. १ डिसेंबर १९३६ च्या कायद्याने घर आणि शाळा यांच्याबाहेरचे मुलांचे सगळे शिक्षण या संघटनेकडे सोपवले. तरीही काही घरे मागे राहिली होती, म्हणून २५ मार्च १९३९ च्या आदेशाने १० ते १८ वर्षांच्या मुलामुलींना ही सेवा सक्तीची झाली. मुलाला अडवणाऱ्या पालकाला दंड किंवा कैद, अशी तरतूद झाली. आधी आमिष, मग इतर वाटा बंद, मग समवयस्कांचे दडपण, आणि सक्ती सर्वांत शेवटी. मी फळ्यावर हे चार टप्पे काढते तेव्हा मुले मी न सांगता वहीत उतरवून घेतात. मागे बसणारी मुलेसुद्धा.

इटलीत हेच सात वर्षे आधी सुरू झाले होते. १९२६ मध्ये मुसोलिनीने 'बालिला' ही मुलांची संस्था काढली आणि पुढच्या दोनेक वर्षांत कॅथलिक स्काउट पथके बंद केली. सहा वर्षांच्या मुलांच्या गटाला 'लांडगिणीची पिल्ले' म्हणत. 'बालिला' हे नाव कुणाचे? परंपरेनुसार १७४६ साली जेनोआमध्ये ऑस्ट्रियन सैनिकांवर दगड भिरकावून उठावाची ठिणगी टाकणाऱ्या एका पोराचे. सत्तेवर दगड मारणाऱ्या मुलाचे नाव घेऊन लाखो मुलांना 'विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा' हे शिकवले गेले. सोव्हिएत संघातही स्काउट चळवळ मोडून १९२२ मध्ये पायोनियर संघटना उभी राहिली, आणि तिचे 'सदैव तयार' हे ब्रीद स्काउटच्याच ब्रीदाचे रूप होते. जुनी चांगली पद्धत उचलायची, ती चालवणाऱ्यांना हाकलायचे, आणि शपथेतले नाव बदलायचे. मुलांना तंबू तोच दिसत राहतो.

तिसरी तक्रार मांडताना मला शिक्षक म्हणून बोलावे लागेल. आपल्या पुस्तकात हुकूमशहा वर, मुले खाली, असे चित्र आहे. मुलांच्या हाती सत्ता दिली जाते, हे त्यात नाही. माझ्या मते या विषयाचा सर्वांत काळा भाग तोच आहे.

जर्मनीत गणवेश घातलेल्या मुलाला ओरडायला शिक्षक कचरू लागले. घरात जेवताना आईवडील शब्द जपून वापरू लागले. सोव्हिएत संघात पावलिक मोरोझोव्ह या मुलाचे काय केले गेले ते पाहा. १९३२ मध्ये उरलपलीकडच्या एका खेड्यात हा मुलगा आणि त्याचा धाकटा भाऊ मारले गेले. त्याने स्वतःच्या वडिलांविरुद्ध सरकारकडे तक्रार केली, अशी कथा देशभर पसरवण्यात आली. त्याचे पुतळे उभारले, शाळांना आणि पायोनियर पथकांना त्याचे नाव दिले. पुढे संशोधकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा त्या कथेतले बरेच तपशील टिकले नाहीत. पण कथा खरी असायची गरज नव्हती. बापाविरुद्ध बोलणारा मुलगा आदर्श असतो, हे प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक बापाला कळणे पुरेसे होते.

आणि चीन. आपल्या पुस्तकात चीनचे सर्वोच्च नेते माओ यांनी सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीला चार ओळी आहेत, त्यात 'रेड गार्ड', म्हणजे माओसाठी उभे राहिलेले विद्यार्थ्यांचे गट, हा शब्द एकदा येतो. १९६६ च्या मे महिन्याच्या अखेरीस बीजिंगमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठाच्या माध्यमिक शाळेत पहिला गट जमला. म्हणजे ही शाळकरी मुले होती. ५ ऑगस्टला बीजिंगच्याच एका मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी आपल्या उपमुख्याध्यापिका बिएन झोंगयुन यांना मारहाण करून ठार केले. तेरा दिवसांनी, १८ ऑगस्टला, तियानानमेन चौकातल्या प्रचंड सभेत माओने त्याच शाळेच्या सोंग बिनबिन या विद्यार्थिनीच्या हातून आपल्या दंडावर लाल पट्टी बांधून घेतली. चार दिवसांनी विद्यार्थ्यांच्या चळवळीत पोलिसांनी हस्तक्षेप करू नये असा आदेश निघाला. रेल्वे फुकट झाली. नोव्हेंबरपर्यंत अशा आठ सभा झाल्या आणि त्यांत एक कोटीहून अधिक तरुण येऊन गेले.

हे शिकवताना माझा आवाज दरवेळी अडखळतो. बिएन झोंगयुन यांना मारणाऱ्या मुली माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाच्या होत्या. त्या अशिक्षित नव्हत्या. ती राजधानीतली नावाजलेली शाळा होती. त्यांना कुणी जबरदस्तीने तिथे नेले नव्हते. त्यांना सांगितले गेले होते की, तुम्ही बंड करणे योग्य आहे, आणि जगातल्या सर्वांत शक्तिशाली माणसांपैकी एक तुमच्या पाठीशी आहे. सोळा वर्षांच्या वयात मोठ्यांविरुद्ध बंड करावेसे वाटणे स्वाभाविक असते. ते बंड राजवटीने आपल्याच हत्यारात बदलले. बिएन यांच्या पतीने पत्नीच्या मृतदेहाची छायाचित्रे काढली, तिचे कपडे जपून ठेवले आणि अर्ध्या शतकाहून जास्त काळ न्याय मागितला. जानेवारी २०१४ मध्ये सोंग बिनबिन यांनी त्या शाळेत बिएन यांच्या पुतळ्यासमोर वाकून जाहीर माफी मागितली. बिएन यांच्या पतीने ती स्वीकारली नाही.

एका वर्गात मी हे सांगितले तेव्हा कुणी काही बोलले नाही. तास संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पण सोंग बिनबिन बाकीच्यांना थांबवू शकली असती का?" तो प्रश्न आपल्या कोणत्याही स्वाध्यायात नाही.

रेड गार्डचे पुढे काय झाले हेही पुस्तकात नाही. दोन वर्षांत त्यांची गरज संपली. डिसेंबर १९६८ मध्ये माओने सुशिक्षित तरुणांना खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांकडून शिकण्याची हाक दिली, आणि त्या मोहिमेत दीड कोटीहून अधिक तरुण शहरांतून खेड्यांत पाठवले गेले. अनेकांचे शिक्षण कायमचे तुटले. जर्मनीत किंमत वेगळ्या प्रकारे वसूल झाली. मुख्यतः १९२६ साली जन्मलेल्या मुलांना घेऊन १९४३ मध्ये 'हिटलरयुगेंड' (हिटलर युथचेच जर्मन नाव) नावाची १२ वी एसएस रणगाडा डिव्हिजन, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची तुकडी, उभी केली गेली. जून १९४४ मध्ये ही १७-१८ वर्षांची पोरे नॉर्मंडीत हजारोंनी मेली आणि जखमी झाली, आणि याच डिव्हिजनने दीडशेच्या आसपास कॅनेडियन युद्धकैद्यांना ठार मारले. ती बळीही होती आणि गुन्हेगारही. मुलांना यातले एकच सांगितले तर ते अर्धे खोटे होते. मार्च १९४५ मध्ये हिटलरने बर्लिनमध्ये एका रांगेत उभ्या मुलांना पदके दिली. त्यांतला सर्वांत लहान १२ वर्षांचा होता.

चौथा मुद्दा थोडक्यात. आपल्या नव्या वाक्यामुळे वाटते की हा प्रकार जर्मनी-इटलीपुरता होता आणि १९४५ ला संपला. युद्ध संपून दहा महिने झाले नव्हते तोच, ७ मार्च १९४६ ला, पूर्व जर्मनीत 'स्वतंत्र जर्मन तरुण' ही संघटना निघाली. तपकिरी शर्टाच्या जागी निळा आला, अध्यक्ष झाला एरिक होनेकर, जो पुढे देशाचा प्रमुख झाला. तिथे सक्तीचा कायदा नव्हता, पण बाहेर राहणाऱ्या मुलाला विद्यापीठाचे दार उघडणे अवघड होई. रुमानियात १९७६ मध्ये चार ते सात वर्षांच्या बाळांसाठी 'मातृभूमीचे ससाणे' ही संघटना काढली. आफ्रिकेत मलावीचे हुकूमशहा हेस्टिंग्ज बांदा यांचे 'यंग पायोनियर्स' १९६३ मध्ये शेतीचे प्रशिक्षण देण्यासाठी सुरू झाले आणि सशस्त्र धाक घालणारे दल बनले. डिसेंबर १९९३ मध्ये सैन्यालाच त्यांची शस्त्रे काढून घ्यावी लागली. आणि आजच्या रशियात २०१६ पासून संरक्षण मंत्रालयाच्या आधाराने आठ वर्षांपासूनच्या मुलांची 'युनार्मिया' चालते, युक्रेनच्या व्यापलेल्या भागातही तिच्या शाखा आहेत. डावे-उजवे, युरोप-आफ्रिका, सगळीकडे तीच रीत दिसते. ती रीत शिकवा, एवढेच मागणे आहे.

पाचवी तक्रार मला सर्वांत जास्त टोचते. जी मुले यातून बाहेर पडली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्या पुस्तकात कधी नव्हते, जुन्या अर्ध्या पानातही नव्हते. हेल्मुट ह्युबेनर हा हॅम्बुर्गचा मुलगा. तोही हिटलर युथमध्ये होता. नोकरीला लागल्यावर तो रात्री लपून बीबीसीच्या जर्मन बातम्या ऐकू लागला, ऐकलेले टाइप करून पत्रके काढू लागला आणि दोन-तीन मित्रांबरोबर ती टेलिफोन बूथमध्ये, जिन्यांत ठेवू लागला. २७ ऑक्टोबर १९४२ ला बर्लिनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. वय १७. उल्ममध्ये वाढलेले हान्स आणि सोफी शोल हे भाऊ-बहीण वडिलांचा विरोध डावलून उत्साहाने या संघटनांत गेले होते. हान्सने १९३५ मध्ये न्यूरेंबर्गच्या पक्षमेळाव्यात झेंडा धरला होता, सोफी मुलींच्या गटाची प्रमुख होती. परदेशी लोकगीते गाऊ नकोस असे हान्सला बजावण्यात आले आणि तिथून त्याच्या मनात खटकायला सुरुवात झाली, असे त्यांच्या बहिणीने पुढे लिहिले. पुस्तकातल्या वाक्यात 'बिंबवले' आहे, पण ज्यांच्यावर ते टिकले नाही त्यांना जागा नाही. मग माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीला, गाण्यावर आलेली बंदी मनात का खटकली पाहिजे, हे कुणाकडून कळायचे? म्युनिकमध्ये नाझीविरोधी पत्रके वाटल्याबद्दल हान्स आणि सोफी यांना २२ फेब्रुवारी १९४३ ला मारले गेले. सोफी २१ वर्षांची होती.

प्रशिक्षण वर्गात एका सदस्यांनी मला सांगितले होते की, या संघटनांतली गंमत मुलांना सांगितली तर त्यांना त्याचे आकर्षण वाटेल. त्यांची काळजी मी प्रामाणिक मानते. पण आकर्षण आधीच आहे, ते मुलांच्या वयात आहे. ते झाकून ठेवल्याने नाहीसे होत नाही. दुसरा आक्षेपही मी ऐकला आहे: यामुळे गणवेश, शिबिर, शिस्त यांबद्दलच मुलांच्या मनात संशय निर्माण होईल. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला मी वर्गात उत्तर देते. शिबिर वाईट नसते. माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारायला लावते: इथून कुणालाही न घाबरता बाहेर पडता येते का? दुसऱ्या मंडळांना जगू दिले जाते का? शपथ एखाद्या माणसाच्या नावाने आहे का? आणि घरात काय बोलले जाते ते बाहेर सांगितल्याबद्दल शाबासकी मिळते का? दहावीच्या मुलालाही हे प्रश्न लावून पाहता येतात. चांगल्या संघटनेला या प्रश्नांची भीती वाटत नाही.

युद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यात शिराखही आरोपी होता, त्याची आठवण मला इथे द्यावीशी वाटते. मे १९४६ मध्ये त्याने न्यायालयात कबूल केले की, लाखोंचा खून करणाऱ्या माणसासाठी मी या देशाची तरुण पिढी घडवली, हा माझा अपराध आहे. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली, पण ती व्हिएन्नाच्या ज्यूंना हद्दपार केल्याबद्दल. मुलांच्या बाबतीत त्याने जे केले त्यासाठी तो दोषी ठरला नाही. त्याच वर्षी अमेरिकी ताब्यातल्या भागात १ जानेवारी १९१९ नंतर जन्मलेल्या तरुणांना नाझीनिर्मूलनाच्या कारवाईतून माफी देण्यात आली. कायद्याने त्या पिढीला माफ केले, तिला घडवणाऱ्याच्या त्या कामाला मात्र गुन्ह्याचे नाव दिले नाही. ती उणीव भरायची जागा इतिहासाचा वर्ग आहे, असे मला वाटते. म्हणूनच ते अर्धे पान मी सहज जाऊ देऊ शकत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पुढच्या पुनर्मुद्रणात हा उपघटक परत घ्यावा, आणि अर्धे पान नव्हे, निदान दोन पाने द्यावीत. जुना मजकूर जसाच्या तसा नको, तोही अपुरा होता. मुले या संघटनांत का गेली, हे त्यात मुलांच्या बाजूने लिहावे. भार कमीच करायचा असेल तर लढायांच्या तारखांचा तक्ता कमी करा, माझी हरकत नाही.

नमुना उत्तरातून 'अज्ञान' आणि 'ब्रेनवॉशिंग' हे शब्द काढावेत. कारणे मांडणाऱ्या उत्तराला गुण मिळावेत, ठरावीक शब्द आले म्हणून मिळू नयेत.

युरोपबाहेरचे एक आणि १९४५ नंतरचे एक उदाहरण धड्यात असावे. नकार देणाऱ्या तरुणांपैकी किमान एकाची हकीकत असावी.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या विसाव्या कलमात, कुणालाही एखाद्या संघटनेचे सदस्य होण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले आहे. ते कलम याच धड्यात छापावे. १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलांनाही संघटना स्थापण्याचा आणि एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, तेही त्याच्या शेजारी असावे.

हा भाग वगळण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत, कोणत्या चर्चेनंतर झाला, त्याचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे. आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावे, पोच नको.

या विषयाचा चार तासिकांचा आराखडा मी तयार केला आहे. त्यात नकाशा, कालरेषा आणि मुलांनी वेगवेगळ्या वर्षी विचारलेले प्रश्न आहेत. समितीला तो हवा असेल तर मी विनामूल्य देईन, त्यावर माझे नाव असायची गरज नाही.

माझी ती विद्यार्थिनी आता वरच्या वर्गात गेली. तिच्या गुणपत्रिकेत ते तीन गुण तसेच आहेत, आणि ते कमी करा असे मी म्हणत नाही. पुढच्या वर्षीच्या नमुना उत्तरात तिचे ते वाक्य बरोबर म्हणून छापलेले नसावे, एवढे बघा.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका